दोन वर्षांतच

सोमवार, ३ मार्च
काम मिळालं! मिक्सरची माहितीपत्रकं आणि खोकल्याच्या औषधाच्या सूचना यांवर पोट भरणाऱ्या अनुवादकाला आज चक्क चिप बनवणाऱ्या कंपनीने बोलावलं. कारखाना दुप्पट होणार आहे. त्याचा अर्थ छोट्या गुंतवणूकदारांना समजावणारी सोळा पानी पुस्तिका सोप्या मराठीत हवी. कंपनीच्या बाई म्हणाल्या, "माझ्या आईला कळेल असं लिहा." मी मान डोलावली. मला स्वतःला कळेल का, हे त्यांनी विचारलं नाही ते बरं झालं.

बुधवार, ५ मार्च
कळलं! म्हणजे माझ्यापुरतं. कारखाना वाढवायचा म्हणजे पैसा आज जाणार आणि चिपा पुढे कधीतरी निघणार. मधली वर्षं इमारत, धुळीचा कण चालत नाही अशा खोल्या, आगाऊ मागवलेली महागडी यंत्रं — सगळा खर्च. तोवर लाभांश बेताचा. पुढे गिऱ्हाईक टिकलं तर चांदी. नाही टिकलं तर रिकाम्या कारखान्याचा एक तुकडा आपल्याही नावावर! मूळ मजकुरात हे सगळं आहे, अगदी प्रामाणिकपणे. बारीक अक्षरात.

शुक्रवार, ७ मार्च
एका वाक्यावर अख्खी दुपार गेली. "यंत्रे वेळेवर आल्यास दोन वर्षांत उत्पादन सुरू होईल." अर्थ बरोबर, पण वाक्य लंगडतंय. शेवटी एक 'च' घातला — "दोन वर्षांतच". काय झोकात उभं राहिलं! बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझ्याकडे पैसे असते तर तूच घेतले असतेस शेअर." घेतले असते! स्वतःच्याच व्याकरणाला भुललोय.

सोमवार, १० मार्च
पुस्तिका दिली. 'च'सकट.

बुधवार, २ एप्रिल
ताईचा फोन. ताई माझी थोरली बहीण. पस्तीस वर्षं इस्पितळात नर्स होती, गेल्या वर्षी निवृत्त झाली. राहते चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. एकदा खाली उतरली की वर कसं जायचं या विचाराने भाजीसुद्धा नीट निवडून घेत नाही. तळमजल्यावर घर घ्यायचंय, पैसे थोडे कमी पडतायत.

"अरे, फंडातले निम्मे त्या चिपवाल्यांच्या शेअरात घातले! बँकेत पुस्तिका मिळाली. दोन वर्षांतच म्हणतायत. नुसतं दोन वर्षांत नाही हं, वर्षांतच! खात्री असल्याशिवाय असं कोण लिहील?"

मी! मी लिहीन. वाक्य लंगडत होतं म्हणून लिहीन!

फोनवर मात्र "हो का? वा!" एवढंच निघालं. "यंत्रे वेळेवर आल्यास" हे शब्द तिने वाचलेच नव्हते. माझ्या 'च'च्या थाटापुढे ते बिचारे दिसणार कुठे.

सोमवार, १४ जुलै
भाव चढलाय. ताईने घर बघून ठेवलं, माझ्यासारखा कफल्लक भाऊ सोडून सगळ्यांना दाखवून झालं, मग मलाही दाखवलं. न्हाणीघरात धरायला दांडी बसवणार आहे. भाव चढल्यावर मला कंठ फुटला — पुस्तिका माझी, म्हणून सांगत सुटलोय. ताईलाही सांगितलं. 'च'चं तेवढं नाही सांगितलं.

सोमवार, २२ सप्टेंबर
कंपनीच्या बाईंचा फोन, तातडीचं काम. भागधारकांना पत्र: यंत्रं येणार, पण दीड वर्ष उशिरा. शुक्रवारी जाहीर करणार. तोवर कुणाला सांगायचं नाही, असं मी सही करून दिलंय. सांगितलं तर सरळ गुन्हा.

ताईने उद्या-परवा विकले तर घर होतं. शुक्रवारनंतर नाही होत. आणि हे माहीत असलेल्या मोजक्या माणसांत एक तिचा सख्खा भाऊ!

पत्र मराठीत केलं. एकही 'च' नाही. शहाणपण सुचलं, पण केव्हा!

मंगळवार, २३ सप्टेंबर
ताईकडे गेलो. सांगायला की न सांगायला, ते जिना चढताना ठरवणार होतो. चार मजले पुरले नाहीत. तिने चहा केला, नव्या घराचा नकाशा पसरला, पलंग कुठे आणि कपाट कुठे ते पेन्सिलीने दाखवलं. मी चहात बिस्किट बुडवलं आणि तसंच धरून बसलो. ते तळाला गेलं.

"बरं नाही का रे तुला?"

"ऊन लागलं," म्हणालो. बाहेर आभाळ भरलेलं!

तळाला गेलेलं बिस्किट चमच्याने काढून खाल्लं. निघालो तर ती कठडा धरून उभी राहिली आणि म्हणाली, "सावकाश उतर." मला! दुसऱ्या मजल्यावर थांबून रडलो.

बुधवार, २४ सप्टेंबर
अजून कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. दिलेला शब्द पाळणारा माणूस असा असतो तर — भूक नाही, झोप नाही, आणि बहिणीचा फोन आला की न्हाणीघरात.

शुक्रवार, २६ सप्टेंबर
जाहीर झालं. दुपारपर्यंत भाव एक तृतीयांशाने खाली. ताईला फोन करायचा धीर झाला नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर
गेलो. दारातच सगळं ओकून टाकलं — 'च' माझा, पत्र माझं, सोमवारपासून ठाऊक होतं, तरी सही करून दिली म्हणून गप्प बसलो. म्हटलं, घाल शिव्या.

ताई हसायला लागली. "अरे, मी बुधवारी सकाळी विकले सगळे. मंगळवारी घराच्या नकाशासमोर तुझं तोंड बघितलं ना! वॉर्डाबाहेर 'काळजीचं काही नाही' म्हणणारे डॉक्टर पस्तीस वर्षं बघितलेत मी. तू कुठे काय बोललास? तुझा शब्द शाबूत आहे."

घर वाचलं! तिच्या गळ्यात पडलो. पाच दिवस मी कसा मोठा नीतीचा झगडा केला, आणि सगळा तोंडावर छापून आला. तोही ठळक अक्षरात. जिना शीळ घालत उतरलो.

रविवार, २८ सप्टेंबर
दाढी करताना डोक्यात आलं. बुधवारी ताईने विकले, म्हणजे बुधवारी कुणीतरी ते घेतले. त्याच्याकडे आदल्या दिवशी कुणी भाऊ आला नसेल.