डोळ्याखालचं हाड

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

आले! कार्यशाळा भरवणाऱ्या तोल्कुननं खास गाडी पाठवून एसेनकुल अगायना आणवलं. ऐंशी वर्षं, हातात काठी, डोक्यावर पांढरी उंच टोपी. आत आले आणि सगळी खोली उठून उभी राहिली. मीसुद्धा! पाय मला न विचारताच उठले. आमच्याकडे शिकवणाऱ्याला अगाय म्हणतात. मला त्यांनी शिकवलं, आणि बुडवलंही त्यांनीच.

"दामिरा! अजून इथेच का गं तू?"

इथेच. एकवीस वर्षं प्रयोगशाळेतली मदतनीस. कुणामुळे?

१० सप्टेंबर

कार्यशाळेचं काम सांगायला सोपं. कोणत्या माशात कोणतं हाड आहे, कोणत्यात नाही, याची एक मोठी यादी करायची. कोणता मासा कुणापासून निघाला, ते पुढच्यांनी त्यावरून शोधायचं. आमच्या वाट्याला डोंगरातल्या सरोवरांचे ओस्मान मासे आलेत.

सकाळचे दोन तास नावांवरून भांडण. गालावरच्या एका हाडाला अल्माटीवाले एक म्हणतात, ताश्कंदवाले दुसरंच. अगाय हसून म्हणाले, "माशाला विचारा की! त्याचं ते घरचं नाव सांगेल." सगळे हसले. मी हसले नाही. (खरं लिहायचं तर थोडी हसले.)

मग तोल्कुननं नियम सांगितले. तिशीतली पोर, मला एजे, म्हणजे ताई म्हणते, पण आवाज कसा ठणठणीत! प्रत्येक मासा दोघांनी पाहायचा, एकमेकांचं न बघता. माशाची खरी चिठ्ठी काढून खोटा आकडा लावायचा. रकान्यात तीनच शब्द चालतील: आहे, नाही, सांगता येत नाही. "आणि अगाय, एजे, सगळ्यांनीच ऐका. ज्यानं नीट पाहिलेलं नाही, त्यानं 'नाही' लिहायचं नाही. न दिसणं वेगळं आणि नसणं वेगळं."

मी अगायकडे पाहिलं. ते चहात तळलेला बोरसोक बुडवत होते.

११ सप्टेंबर

आज ४१७ नंबरची बरणी उतरवली, माझ्या प्रबंधातल्या माशाची. धूळ पुसली.

त्या दिवसाबद्दल कधीच लिहिलं नाही, आज लिहिते. २००३. माझ्या डॉक्टरकीच्या प्रबंधावर निकाल देणारी परिषद. या माशाच्या डोळ्याखाली हाडांची एक साखळी असते. तिच्या टोकाला तिळाएवढं एक हाड मला सापडलं होतं. अगायच्या पुस्तकात ते 'नाही' होतं. मी मासा काचेसारखा पारदर्शक करून, हाडं लाल रंगवून, तीन महिने त्याची चित्रं काढली होती. परिषदेत अगायनी बशी उचलली, भिंगाखाली धरली, खाली ठेवली. "नाहीये. मुलीचे डोळे अधू आहेत. तिला जे हवं ते दिसतं."

संपलं! सहा माणसांनी माना डोलावल्या. पण मी समोरच उभी होते. त्यांनी माशाकडे पाहिलंच नव्हतं. ते परिषदेच्या चेहऱ्यांकडे पाहत होते.

आई मरेपर्यंत शेजारणींना सांगायची, "दामिरा डॉक्टर होता होता राहिली."

आता ४१७ त्यांच्या ट्रेमध्ये ठेवायचा. खोट्या आकड्याखाली. 'आहे' लिहिलं तर स्वतःचं पुस्तक स्वतःच्या हातानं खोडतील. 'नाही' लिहिलं तर रविवारी यादी दाखवताना पाहुण्यांदेखत पडद्यावर खोटे पडतील. दोन्हीकडून दार बंद!

हा सूड की दुरुस्ती? दुरुस्ती असती तर एवढी गोड का लागली असती?

१२ सप्टेंबर

तोल्कुनला सांगितलं, ४१७ अगायच्या ट्रेमध्ये घाल. तिनं कारण विचारलं नाही. ओस्मान दुसरं कोण ओळखतं इथे? म्हणून दुसरी पाहणारी मीच. मग मीच अट घातली, मला त्याचा खोटा आकडा कळता कामा नये. नाहीतर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय?

"एजे, तुम्हाला आकडा कशाला लागतो? तुमचा मासा तुम्ही पाठमोरा ओळखाल."

खरंच ओळखेन.

दुपारी अल्माटी-ताश्कंदवाल्यांसाठी मेंढा कापला. हाडं वाटण्यात आमची माणसं यादीपेक्षा काटेकोर. मांडीचं कुणाला, फासळी कुणाला, वयानं, मानानं. मुंडकं अर्थातच अगायना. त्यांनी सुरी घेतली, कान कापून सर्वांत धाकट्याला दिला. मग डोळा काढला, आणि ताटांवरून हात लांब करून माझ्या ताटात ठेवला. डोळा जवळच्या माणसाला देतात, पुन्हा भेट व्हावी म्हणून.

"घे पोरी. खूप वर्षं दिसली नाहीस."

सगळ्यांनी वाहवा केली. डोळा! मला! अधू डोळ्यांवर उपाय म्हणून का? की म्हातारा खरंच विसरलाय? विसरला असेल तर ते जास्त वाईट. मी गिळला. चावला नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पाहणी झाली. प्रत्येकाला साठ मासे, सगळे तसेच पारदर्शक, लाल हाडांचे. मला मुद्दाम त्यांच्या समोरचं टेबल मिळालं — मुद्दाम म्हणजे मीच मागून घेतलं.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालीय, तरी भिंगावर भिंग धरून बघतात. हात कापतो, म्हणून कोपर टेबलाला टेकवून. एक बशी घेतली, ठेवली, परत घेतली. दिव्याकडे तिरकी केली. दहा मिनिटं! तोच असणार. काय लिहिलं? मान वर करून दोनदा पाहिलं, दिसलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी मला पकडलं.

"काय गं, नक्कल करतेस का?"

मेले मी लाजेनं!

माझे साठ जेवणाच्या आत संपले. त्यांचे पाच वाजता. म्हातारपण.

१४ सप्टेंबर

'आहे'!!

तोल्कुननं खरे आकडे लावून सबंध तक्ता माझ्याकडे दिला. कुठे रिकामा रकाना राहिला का ते बघायला. मी आधी ४१७ शोधला. बघणारा: एसेनकुल अगाय. शेवटचं हाड: आहे.

त्यांच्या हातानं! एकवीस वर्षांनी! मी खुर्चीवरून उठले, तळ्यापर्यंत चालत गेले, परत आले. रडू येईल वाटलं होतं, आलं नाही. आली ती भूक. उरलेले चार बोरसोक उभ्यानं खाल्ले.

उद्या यादी पडद्यावर आली की वाचायचं भाषण लिहून काढलं. दीड पान. "मान्यवरहो, हाच मासा २००३ साली याच गृहस्थांनी..." 'गृहस्थांनी' खोडून 'अगायनी' केलं. मग पुन्हा 'गृहस्थांनी'. आवाज चढवायचा नाही. शेवटी त्यांच्याकडे वळून विचारायचं, "तेव्हा कुणाचे डोळे अधू होते?" आणि थांबायचं. ते खाली बघेपर्यंत थांबायचं.

क्रूर आहे हे. माहीत आहे मला. तरीही वाचणार.

१५ सप्टेंबर, रविवार

सकाळी भाषणासाठी ओळ उतरवून घ्यायला तक्ता उघडला. काल एकच रकाना पाहिला होता. शेजारी दुसरा आहे.

४१७. दुसरी बघणारी: दामिरा. शेवटचं हाड: नाही.

शुक्रवारी तो माझ्या हातात येऊन गेला. मी ओळखला नाही. बशी घेतली असेल, ठेवली असेल. मी समोर बघत होते.

बरणी आणून पुन्हा पाहिला. हाड आहे. लाल, तिळाएवढं, मी काढलं होतं तिथेच.

तोल्कुन मागे येऊन उभी. "एजे, एवढी एकच ओळ जुळत नाहीये. चुकून लिहिलं गेलं असेल. पाहुणे यायच्या आत बदलू?"

"नको. खाली टीप घाल."

भाषण फाडलं. टीप मीच सांगितली: न पाहता 'नाही' म्हणणारे दोन. २००३ साली अगाय. परवा मी.