भिंतीवरचा गुलाल

खेतडी, राजस्थान
ता. ३ मार्च १९५७

सौ. शेवंतीवहिनीस बंडूचा नमस्कार. आईला साष्टांग.

पुन्हा तेच लिहिलंस ना! 'समितीच्या मोर्चात ह्यांच्या पाठीवर लाठ्या पडल्या तेव्हा भावजी राजस्थानच्या गाडीत बसले होते.' बसलो होतो. पळालो म्हण हवं तर. पण दर पत्रात काय तेच?

दादा माझं पत्र फोडत नाही, म्हणून तुलाच लिहितोय. इथे बरं आहे. थंडी सरली. बाजरीची भाकरी रोजची, सुका बांगडा स्वप्नात येतो.

मी पाठवलेला डबा पोचला का? नसशील उघडला तर उघडू नकोस.

डब्यासोबतच्या चिठ्ठीत मी लिहिलं होतं, खाणीतला गुलाल आहे, समितीचा माणूस निवडून आला की मिरवणुकीत दादाला हाच लाव. मला वाटलं, लाठी नाही खाल्ली, निदान रंग तरी माझा असू दे.

तो गुलाल नव्हे गं. जुन्या बोगद्यात तांब्याच्या दगडातून पाणी झिरपतं, हवा लागते, तिथे भिंतीवर गुलाबी साय धरते. सगळीकडे नाही, एकाच कोपऱ्यात वीतभर होती. ती मी पत्र्याने खरवडली. मग आमचे बंगाली साहेब कंदील घेऊन आले. भिंत बघून म्हणाले, "किसने खुरचा? इतनी मुश्किल से मिलती है!" मी पत्रा पाठीमागे लपवला. त्यांनी नाव सांगितलं, एरिथ्राईट. आणि म्हणाले, "हाथ धो लेना सब लोग, इसमें संखिया है."

संखिया म्हणजे आपला सोमल. उंदीर मारायचा.

हे मला मागच्या आठवड्यात कळलं, वहिनी. लगेच तार करायला हवी होती. पण तुम्ही सगळे हसाल, दादा म्हणेल हा एक रंगसुद्धा धड पाठवू शकत नाही, म्हणून रोज उद्यावर ढकललं. आज सकाळी आठवलं, चिठ्ठीत मी शेवटी लिहिलं होतं, थोडा तुमच्या बेबीच्या गालालाही लाव. आत्ता स्टेशनाकडे ट्रक जातोय, ड्रायव्हरकडे तारही देतोय. तार बघून आई रडली असेल, तिला सांग, मी जिवंत आहे.

लावला असशील तर तिला साबणाने धू आणि तडक डॉक्टरकडे ने. त्यांना सोमल म्हणून स्पष्ट सांग, लाजू नकोस, माझं नाव घे. डबा चुलीत नको, मोरीत नको. झाकणासकट बांधून पोरांचा हात पोचणार नाही असा खोल पूर.

दादालाही सगळं सांग. मग तो काय म्हणेल ते म्हणू दे.

बेबीचा काका म्हणवून घ्यायला लाज वाटते, तरी तिचाच,
बंडू

दर महिन्याचे दहा असतात. ह्या वेळी मनीऑर्डर चाळीस रुपयांची.