उदारामचं पोट आणि तलावाचं पाणी

चैत शुद्ध दशमी, सन १९३७

माझ्या पोराले भर गावात पोतं म्हणाला तो सेवकराम! म्हणे, "उदारामले तलावाची पाळ चढवत नाही, पाणी सोडायचं तुडुम कोन उघडल? औंदा पाणकर माझ्या जावयाले करा." पाणकर म्हणून आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या तलावाचं पाणी वाटलं! पंच म्हणाले, धानाले पाणी सोडायच्या आधी, भादव्यात पाहू.

राग आला. पण खोटं कुठं बोलला? उदाराम पाळीच्या पायथ्याशीच धापा टाकून राहिला होता. चाळिशीचा माणूस! आणि गाव म्हणते, खात्यापित्या घरचा दिसते. नात म्हणते, बाबा घोरतात तर छपराचे कवेलू हालतात.

चैत वद्य चतुर्थी

उदारामले घेऊन गोंदियाले गेले. डॉक्टरनं शिंप्याची फीत काढली. आधी छाती मोजली, मग बेंबीवरून पोट. पोट छातीच्या पुढं! म्हणाला, "माताजी, ये सेहत नहीं, बीमारी है." उपास करायचा नाही. भात अर्धा, भाजी पोटभर, तेल-गूळ हात आखडून. रोज चालायचं, हळूहळू वाढवत. आणि याले हसायचं नाही — हसल्यानं कोणी बारीक होत नाही म्हणाला. मी हसतच होते.

वैशाख शुद्ध द्वितीया

चालायले गेला. वाटेवरच्या पहिल्याच बाभळीपाशी बसला.

वैशाख वद्य एकादशी

फीत लावली — पोट तेवढंच! ताटात भात अर्धा, मी स्वतः वाढते. चालते बी. मग काऊन?

सुनेले धरलं. "कुंदाबाई, चोरून खाते काय व तो?"

"नाही आत्याबाई! वावरात फक्त पेज पेते."

"किती?"

"तहान लागल तेवढी. पेज तं पानीच!"

मडकं ओढलं, जुन्या लुगड्याच्या धडप्यातून पेज गाळली. धडप्यात भाताचा हा एवढा गोळा! ताटातला अर्धा गेला, मडक्यातून दीडपट आला. कुंदाबाई तोंडावर हात ठेवून पाहून राहिली. "माय व! उन्हाचं म्हणून मी जास्तच देत होती!"

तिले काय बोलू? या मुलखात पेजेले जेवण कोण म्हणते!

जेठ शुद्ध षष्ठी

आता वावरात साधं पाणी. जेवणात अंबाडीची भाजी, डाळ, नदीतले मासे. उदाराम चिडला — "मी मानूस हाय का बकरा? भाजीच भाजी!"

म्हटलं, बकरा पाळीवर चढते. तू चढून दाखव.

आखाड वद्य तृतीया

धोतर कंबरेत ढिलं झालं, गाठ मागं सरकली. त्यानं सांगितलं नाही, कुंदाबाईनं पाहिलं.

घोरणंही कमी. तर ही सून रातची उठून पाहते, श्वास चालू हाय का नाही!

भादवा शुद्ध प्रतिपदा

काल पोळा. पुरणपोळ्यांवर असा तुटून पडला की विचारू नका. आज तोंड लपवून फिरत होता. म्हणे, "सारं वाया गेलं, माय."

म्हटलं, सण होता, खाल्लं, संपलं. ऊठ, चाल!

उठला.

भादवा वद्य सप्तमी

पंच दारात आले. सेवकराम सगळ्यांच्या पुढं. "धुरपताबाई, उदाराम पाणकर राहते का नाही? आज सांग."

उदाराम घरी नव्हता. सकाळीच तुडुम पाहायले गेला.

"हाक मार त्याले," सेवकराम म्हणाला.

मी कायले मारू? पोरगं पाळीवर हाय, पार त्या टोकाले. चढा म्हटलं वर! ज्याले विचारायचं त्यालेच विचारा, उत्तर तोच देईल.