माझ्या छातीची परीक्षा

यावलचे आमचे मानाचे व्याही नवलभाऊ यांना धुळ्याहून झुलालचा दोन्ही हातांनी रामराम. विहीणबाईंच्या गुडघ्यांची वेगळी चौकशी करतो. तुमची कोकिळा सांगत होती की आता त्या ओटा उतरताना कुणाचा हात धरत नाहीत, म्हणजे तेल लागू पडलेलं दिसतं. वाऱ्याने आडवी झालेली केळी सोडून बाकीच्या बागेचे घड भरले असतील अशी आशा करतो. इकडे मी सोडून सगळे खुशाल आहेत. तुमचा जावई प्रेमराज कामावर वेळेवर जातो आणि तुमच्या लेकीने परवा शेवभाजी करून आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं (तिखटाने हो, पोरगी गुणाची आहे).

तुम्ही म्हणाल, ह्या माणसाला फोन असताना पत्र का सुचलं. एक तर फोनवर चार वाक्यं झाली की मला खोकल्याची उबळ येते आणि समोरचा नुसता हॅलो हॅलो करत बसतो. दुसरं म्हणजे आमच्या घरात फोन स्पीकरवर लावूनच बोलायची रीत आहे, आणि ह्या पत्रात एका बाबतीत आमच्या सौभाग्यवती भिकुबाईंचं म्हणणं खरं होतं असं मला कबूल करावं लागणार आहे. ते त्यांच्या कानांवर पडलं तर उरलेलं आयुष्य मला अवघड जाईल. बाकी पत्राला खास कारण काही नाही, सहज लिहितो आहे.

माझा खोकला तुम्ही नातवाच्या बारशाला ऐकलाच होता. हिवाळ्यात सुरू झाला तो उन्हाळा आला तरी जाईना. रोज सकाळी गच्चीवर जाऊन मी माझ्या पक्ष्यांचं खुराडं झाडतो, दाणे टाकतो, पाणी बदलतो (माझ्याकडचे गिरेबाज तुम्ही पाहिले आहेत, आकाशात ठिपका होईपर्यंत चढतात), आणि त्याच संध्याकाळी अंग मोडून ताप यायचा, छाती जड व्हायची. पुढे पुढे तर गच्चीचा जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बाटल्या दिल्या. भिकुबाई म्हणाल्या, "हाई बठ्ठं कबुतरसमुये शे." पण नवलभाऊ, ह्या बाईने लग्नापासून कबुतरांना दोष दिला आहे. स्लॅब गळतो तो कबुतरांमुळे, प्रेमराजला दहावीत मार्क कमी पडले ते कबुतरांमुळे, नणंद रुसली तीही कबुतरांमुळे. तेव्हा त्यांच्या बोलण्याकडे कोण लक्ष देणार? बारशाला तुमच्याकडे आठवडाभर राहिलो तेव्हा खोकला जवळजवळ गेला होता. मी त्याचं श्रेय तुमच्या बागेच्या हवेला आणि विहीणबाईंच्या भरिताला दिलं. धुळ्याला परत आलो, खुराडं झाडलं, आणि रात्री पुन्हा तोच ताप.

शेवटी प्रेमराजने मला मोठ्या दवाखान्यात नेऊन अकरा नंबरच्या खाटेवर भरती केलं. तिथे डॉक्टर शिकणारी पोरं-पोरी थव्याने फिरतात. पहिल्याच दिवशी एकाने माझ्या पाठीला नळी लावली आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आत गाणं चाललंय. तो धावत गेला आणि आणखी सहा जणांना घेऊन आला. त्यांच्या मोठ्या मॅडम आल्या, त्यांनीही ऐकलं आणि म्हणाल्या, "बघा, श्वास पूर्ण आत गेला की बुटाचा चिकटणारा पट्टा ओढून उघडल्यासारखा चरचर आवाज येतो. असा आवाज पुन्हा ऐकायला मिळायचा नाही." नवलभाऊ, एसटीच्या वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं घासली, कुणी माझ्याबद्दल असं बोललं नव्हतं. त्या दिवसापासून मी श्वास घ्यायचा तो मनापासून.

मग चौकशा सुरू झाल्या. काय काम केलं? मी म्हटलं, तरुणपणी धरणगावला कापसाच्या जीनमध्ये सरकी काढायला होतो. झालं, कापूस म्हटल्याबरोबर पोरांच्या माना वर झाल्या. एकाने विचारलं, सोमवारी सुट्टीनंतर कामावर गेल्यावर छाती जास्त आवळायची का? मी म्हटलं, बाबा, सोमवारी कामावर जाताना कुणाची आवळत नाही? त्याने ते लगेच उतरवून घेतलं, आणि अकरा नंबरला कापसाच्या धुळीचा रोग आहे अशी बातमी होस्टेलपर्यंत गेली. दुसरा एक वर्कशॉपवर अडून बसला, ब्रेकच्या अस्तराची धूळ म्हणत होता. कबुतरांबद्दल कुणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन बोललो नाही, कारण भिकुबाई उशाशीच बसलेल्या.

पण मोठ्या मॅडम वस्ताद निघाल्या. छातीचे फोटो काढून झाल्यावर एका दुपारी त्या एकट्या आल्या आणि त्यांनी विचारलं, "बाबा, घरात कोंबड्या, पोपट, कबुतरं असं काही आहे का?" मी म्हटलं, कबुतरं म्हणजे अगदी कबुतरं असं नाही म्हणता येणार, गिरेबाज आहेत. एवढ्यात भिकुबाई उभ्या राहिल्या आणि "मी कव्हयनी सांगी राहिनू!" असं म्हणाल्या ते पार बाळंतिणींच्या वॉर्डापर्यंत ऐकू गेलं असेल. मॅडमनी समजावून सांगितलं की पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची बारीक भुकटी श्वासातून आत जाते, काही जणांच्या फुफ्फुसाला ती सोसत नाही, सुजतं, आणि सुजून सुजून शेवटी निबर होतं. गोळ्या देते, पण पक्षी जायला हवेत. मी म्हटलं, मॅडम, पक्षी राहतील, फुफ्फुसाचं दुसरं काही करता आलं तर बघा. त्या गोळ्या लिहून देऊन निघून गेल्या. भिकुबाई मात्र रात्रीपर्यंत बोलत होत्या.

त्याच आठवड्यात पोरांची शेवटच्या वर्षाची परीक्षा आली आणि मॅडमनी मला विनंती केली की परीक्षेसाठी दोन दिवस थांबा. अट एकच, विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, रोगाचं नाव घ्यायचं नाही. मी दाढी करून, धुतलेली टोपी घालून तयार. माझ्या वाट्याला आली रूपा, चाळीसगावची पोर. फार मायाळू हो. भरती झाल्यापासून भिकुबाईंना रोज चहा आणून द्यायची. पण परीक्षेच्या धसक्याने तिचे हात बर्फासारखे झालेले, आणि होस्टेलची बातमी तिच्या डोक्यात पक्की बसलेली. तिने कापूस विचारला, दगडाची खाण विचारली, पिठाची गिरणी विचारली, विडी विचारली, नखं उलटीपालटी करून बघितली, आणि कागद गुंडाळायला लागली. माझा जीव वरखाली व्हायला लागला. बाहेर एसीच्या डब्यावर दोन कबुतरं बसली होती. मी म्हटलं, "बाई, खिडकीकडे बघ जरा." तिने बघितलं आणि "आजोबा, वारा लागतोय का?" म्हणून खिडकी लावून घेतली. मग मी मनाचा हिय्या केला. तिने शेवटची एकदा छातीला नळी लावली तेव्हा मी गळ्यातल्या गळ्यात घुमलो, अगदी नर घुमतो तसा. तिचे डोळे मोठे झाले. तिने पुन्हा ऐकलं, मी पुन्हा घुमलो, आणि पोरीने कागदावर लिहिलं की उजवीकडे नवीन शिट्टीसारखा आवाज येतो आहे!

बाहेरगावाहून आलेले परीक्षक खाटेशी आले. उंच, पिकल्या केसांचे, कमी बोलणारे. रूपाने कापसाचा रोग सांगितला. त्यांनी माझ्या पाठीला नळी लावली, ऐकलं, आणि म्हणाले, "कापसाने छाती आवळते, पण ही चरचर येत नाही. रोग्याला काय विचारायचं राहिलं?" पोरीने गुंडाळलेला कागद पुन्हा उघडला. त्यांनीच मग मला विचारलं, "काका, मघाशी लांबून मला घुमल्यासारखं ऐकू आलं. तुमच्याकडे कोणते पक्षी आहेत?"

आता मला सांगा, प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायला मला बंदी नव्हती. मी गिरेबाजांपासून सुरू केलं ते लक्का कबुतराच्या पंख्यासारख्या शेपटीच्या पिसांपर्यंत आलो. मॅडम मागून खुणा करत होत्या, पण परीक्षक खाटेच्या कडेला बसले. कुठला वाण, सकाळी सोडता की संध्याकाळी, ज्वारी देता की बाजरी, असं ते विचारत गेले आणि मी सांगत गेलो. मग ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या वडिलांकडे होते. शेवटी त्यांना गच्ची चढवेना. अंगणात खुर्ची टाकून मान वर करून बघत बसायचे. त्यांना कुणी विचारलंच नाही की घरी काय पाळलंय. मी तेव्हा शाळेत होतो." एवढं बोलून त्यांनी माझा हात दाबला. "काका, पक्षी दुसऱ्याच्या गच्चीवरून उडाले तरी आकाशात दिसतातच की."

नवलभाऊ, जे मला बायकोने इतकी वर्षं सांगितलं, मॅडमनी फोटो दाखवून सांगितलं, ते ह्या माणसाच्या तोंडून आत शिरलं. ते गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. रूपाला वाटलं माझा दम वाढला, ती स्वतःचं रडणं थांबवून नर्सला बोलवायला धावली. (पोर पास झाली. पेढे घेऊन आली होती. आता कुणीही दिसला की आधी कबुतरं विचारते, परवा पाय मोडलेल्या माणसालाही विचारलं म्हणे.)

घरी येऊन मी मन घट्ट केलं आणि जीनमधला माझा जुना सोबती छगन याच्याकडे सगळे पक्षी धरणगावला पोचवले. प्रेमराजने पेट्या नेल्या, मी तोंडाला फडकं बांधून नुसता बरोबर गेलो. छगनने आनंदाने पेट्या उघडल्या, आणि जास्तच आनंदाच्या भरात जाळी लावायची विसरला. आम्ही बसने धुळ्याला उतरून घरी येतो तर काय, सगळी मंडळी गच्चीच्या कठड्यावर रांगेत बसून आमची वाट बघत होती. भिकुबाई दारात उभ्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. तेव्हापासून मी गच्चीवर पाऊल ठेवलेलं नाही. खाली ओट्यावर बसतो, गोळ्या खातो. गोळ्यांनी भूक अशी लागते की कोकिळा आता माझ्या एकट्यासाठी वेगळ्या भाकरी थापते. खोकला निम्म्यावर आला आहे. असो, पत्र लांबलं. लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार, तब्येतीला जपा.

आपला, झुलाल

ता. क. तुमच्या बागेतल्या जुन्या पंपघराच्या माळ्यावर सध्या काही ठेवलेलं असतं का? सहज विचारतो. हवेशीर आहे, घरापासून लांबही आहे.

आणखी ता. क. तुमच्या घरात कुणाला दमा नाही ना? झाडलोट करताना तोंडाला फडकं बांधायला लावावं, आणि कुणाला खोकला लागला तर त्या दिवशी मला कळवावं. जाळी चारी बाजूंनी हवी, निदान पहिली पिल्लं होईपर्यंत. मुलाकडचा असून हात जोडतो, नाही म्हणू नका.

शेवटचं ता. क. प्रेमराज रविवारी सकाळच्या गाडीने पेट्या घेऊन निघतो आहे. तुमचं उत्तर येईपर्यंत थांबायचं म्हणत होता, मीच म्हटलं की नवलभाऊ तसे नाहीत.

नवलभाऊ, रामराम. मी भिकुबाई. ह्यांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. पेट्यांमध्ये एक जोडी कमी भरेल, प्रेमराजला विचारू नका, त्याला माहीत नाही. करड्या मादीखाली अंडी आहेत, अशा वेळी पाखराला गाडीने लांब धाडू नये. ती जोडी मी घरट्यासकट मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीच्या, दिपमालाच्या गच्चीवर जाळीत ठेवली आहे. ह्यांना तिकडे फिरकू देणार नाही. दाणे टाकायला मी एकटीच जाते, तोंडाला पदर बांधते, आणि घरात शिरायच्या आधी न्हाणीत साडी बदलते. ह्यांना सांगितलं आहे की मी भजनाला जाते.