सत्कारात गेलेली बैठक

मंगळवार संध्याकाळ, कंधार

डोकं अजून तापलेलंच आहे. रस्त्यासाठी कर्ज देणाऱ्या परदेशी बँकेची माणसं आज इथून जवळच्या एका गावात आली होती, लोकांचं म्हणणं ऐकायला. बैठक तासाभराची, आणि तो अख्खा तास फेटे, शाली आणि नारळांत गेला. आधी सरपंचांनी सत्कार केला, मग उपसरपंचांनी, मग सोसायटीच्या चेअरमननी. आणि सत्काराची यादी कुणी केली? मीच. बँकेनं आमच्या संस्थेला सोबत घेतलं ते लोकांना बोलतं करायला, आणि मी सकाळपासून फेटेवाला शोधत फिरले.

मागे, रस्त्याकडेला घर असलेली शाहेदाबी हात वर करून उभी होती. तिला एवढंच विचारायचं होतं, की रस्ता उंच झाला की पावसाचं पाणी तिच्या घरात शिरणार, त्याचं काय? मी बँकेच्या साहेबांना सांगायला गेले, तर ते घड्याळ बघत म्हणाले, पुढच्या गावाला उशीर होतोय. गाड्या निघाल्या तरी तिचा हात वरच.

"पाहुणे लई खूश होऊन गेले, मॅडम," सरपंच म्हणाले.

"माझं तर कुणी ऐकलंच न्हाई," शाहेदाबी म्हणाली. दुसऱ्या कुणाला नाही, मलाच.

आत्ता अहवालासाठी फोटो आलाय. पुढे फेटा बांधलेले साहेब, मागे हात वर केलेली शाहेदाबी. खाली ओळ छापली आहे: प्रकल्पाला हात उंचावून पाठिंबा देताना गावातील महिला.

त्याखाली माझी सही पाहिजे म्हणे.