उजव्या बाजूचा कापूस

छबूताई,

पार्सल पोचलं. शेकानं कातडी हुळहुळी झालीय म्हणून तू तुझे जुने, मऊ ब्लाउज धाडलेस. पण त्यातल्या एकात आतून कापूस का शिवलास?

गाठ काढून मशीनचे शेक दिले, एवढंच तुला माहीत. डावी छाती आटून लहान झालीय, काळी पडलीय, हे मी कुणालाच बोलले नाही. पंचवटीत भाजी घेतानाही पदर पुढे ओढून घेते. ह्यांनीच तुला कळवलं, असा मला संशय आला. विचारलं तर म्हणाले, "मी काय सांगणार? तू मला तरी कुठं बघू देतेस?"

त्यात कापूस उजव्या बाजूला! थट्टा करतेस की काय, म्हणून चिडून उसवायला घेतला, तर दोरा जुना, धुऊन धुऊन विरलेला.

शेकाच्या जागी साबण लावू नको, हे डॉक्टरांच्या आधी तूच सांगितलं होतंस. दोन दिवाळ्या माहेरी आली नाहीस, गुडघे धरलेत म्हणालीस. खरंच गुडघेच होते का गं?

फोन केला तर भाऊजी स्पीकर लावतात, पत्र टाकलं तर आधी तेच फोडतात. म्हणून हे टाकत नाही. रविवारी सटाण्याला हे घेऊन मीच येते. दार आतून लावून घेऊ.

आधी मी दाखवते. मग तू.

तुझी,
बेबी