दादांचं कडं

११ डिसेंबर, सोमवार
नाहीच! पावणेपाचपासून चावी फिरवतोय. सेल्फ नुसता घुरघुरतो, इंजिन काही पकडत नाय. मागं मेथी भरून तयार अन् पिकअप मेलेली. शेवटी शेजारचे सांडूभाऊ अन् अजून तिघं आले, धक्का मारला, तेव्हा कुठं धूर टाकत उठली. जाधववाडीला पोचलो तर भाजी मार्केट उठत आलेलं.

उन्हाळा-पावसाळा एकदा कुरकुरली नाय. थंडी पडली अन् हिचं नाटक सुरू.

अन् दादा. बाप लोळागोळा होऊन ओसरीत खाटेवर पडलाय, पण मी सेल्फ मारला की डाव्या हातातलं कडं खाटेच्या पाइपवर आपटायला लागतात. ठक, ठक, ठक. बोलता येत नाय म्हणून हातानं शिव्या देतात, दुसरं काय!

१२ डिसेंबर
तेच. धक्का. ठक ठक.

१३ डिसेंबर, बुधवार
आज लिहूनच टाकतो. सांगायचं कुणाला?

जानेवारीत दादांना झटका आला ती पहाट अशीच गारठ्याची होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. माय अन् मी उचलून पिकअपमधे बसवलं. गाडी सुरू झाली नाय. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली. दादा डाव्या हातानं कडं डॅशबोर्डवर आपटत होते. मला वाटलं तडफडतायत. मी हात घट्ट धरला, म्हणालो, "दादा, शांत बसा, आत्ता निघू." सांडूभाऊ जीप घेऊन बाहेरगावी गेलेले, ती यायला दोन तास गेले. डॉक्टर एवढंच म्हणाले, लवकर आणायला पाहिजे होतं.

आदल्या दिवशी मित्राच्या हळदीत इंजिन बंद ठेवून तीन तास गाडीचा टेप मीच वाजवला होता. मायला माहीत आहे. बायकोला, आशालाही. अकरा महिने झाले, दोघी त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ डिसेंबर, शुक्रवार
करमाडचा रामकिसन मिस्त्री येऊन गेला. म्हणतो, बॅटरी जुनी झाली, आधी ती बदलून बघू. नव्या बॅटरीवर सुरू झाली तर कळलंच की दादांना खाटेवर कुणी पाडलं ते!

गाडी सुरू व्हावी असं वाटतंय. होऊ नये असंही वाटतंय. कसला माणूस आहे मी.

१६ डिसेंबर
नवी बॅटरी टाकली. सेल्फ असा फिरला की शेडचे पत्रे वाजले. तरी नाय सुरू झाली!

मी हसलो. खरंच हसलो. रामकिसन बघतच राहिला. आशानं विचारलं, असं काय झालं हसायला? दोष बॅटरीचा नव्हता! माझ्यामुळं नव्हतं!

आत ठक ठक चालूच होतं. दादा, आता तरी माफ करा ना.

१८ डिसेंबर, सोमवार
कंपनीत रजा टाकली. रामकिसननं दिवसभर खोलाखोल केली. डिझेल फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली. मग हीटर प्लग बघितले. इंजिनात चार असतात, थंडीत सेल्फ मारायच्या आधी आतून तापवतात. प्लग चांगले, पण त्यांच्यापर्यंत करंटच जात नाय. चावी फिरवली की करंट सोडणारा टायमर जळून गेलेला.

"हा आजचा नाय. चार-पाच वर्षं झाली असतील," रामकिसन म्हणाला. "बन्सीभाऊ, मग तुमचे दादा थंडीत गाडी काढायचे कशी?"

व्हय की! चार-पाच हिवाळे दादांनी पहाटं एकट्यानं गाडी काढली. एकदा धक्का लागला नाय. मी शेंद्र्याच्या कंपनीत, गाडी चालवायचो ती दिवसाच. पहाटं ते कुणाला हात लावू द्यायचे नाय.

मायला विचारलं. म्हणाली, सीटवर बसायचे, काहीतरी पुटपुटायचे, मग चावी. देवाचं नाव घेत असतील. खरंय, आम्ही थट्टाच करायचो, दादांची गाडी आरतीशिवाय हलत नाय म्हणून.

१९ डिसेंबर
सापडलं! ड्रायव्हर सीटच्या खाली एक लाल वायर, अन् तिच्या टोकाला दारावरच्या बेलचं बटण! आमच्याच दाराची जुनी बेल. टायमर जळाला तेव्हा दादांनी हे स्वतः जोडलं. बटण दाबून धरायचं, प्लग तापले की चावी. अन् घरात कुणाला पत्ता नाय! माहीत नसलं म्हणजे पहाटं कुणी गाडी मागणार नाय, एवढंच डोकं. काय म्हणावं या माणसाला?

रामकिसन बजावून गेला, किती वेळ दाबायचं ते अंदाजानं बघा. कमी पडलं तर उपयोग नाय, जास्त झालं तर प्लग जळतील.

२० डिसेंबर, बुधवार
बटण दाबलं की बॉनेटखाली खट्ट वाजतं. तेवढ्यानंच आत कडं सुरू झालं! दहा मोजले. नाय. पंधरा मोजले. जरा खोकली, परत मेली. पुढं भीती वाटली, सोडून दिलं. कडं माझ्यापेक्षा जास्त वेळ वाजत राहिलं.

माय म्हणाली, त्यांच्यावर चिडू नको.

२१ डिसेंबर
बटण दाबलं. खट्ट. आत ठक, ठक, ठक. आज मी माझं मोजलं नाय, त्यांचं मोजलं. चोवीसला कडं थांबलं. सीटवर पुटपुटायचे ती आरती नव्हती, मोजणी होती. चावी फिरवली. पहिल्याच सेल्फला उठली.

जानेवारीत तोच हात मी धरून ठेवला होता. जीप येईपर्यंत.